पार्किंगमधली येळवस

योगिनी बिरादारने नऊ जणांना जेवायला बोलावलं, तेव्हा तिच्या डोक्यात जेवण नव्हतंच, राग होता. रागात माणूस दार आपटतो, फार तर जेवायचा थांबतो. रागाच्या भरात आमंत्रणं वाटणारी माणसं कमीच. पण बिरादारांच्या घरात सगळंच जरा उलट्या बाजूने चालतं.

झालं असं, की अकरावीच्या वर्गात मधल्या सुट्टीत जत्रेचा विषय निघाला. दिव्या अस्सल मोशीची. सोसायट्या व्हायच्या आधीपासून तिचं घर गावठाणात. तिने जत्रेचं सगळ्यांना आवतण दिलं. कोकणातल्या एकाने शिमग्याच्या पालखीचं वर्णन सुरू केलं ते थांबेना. मग सायलीने सहज विचारलं, "योगिनी, तुमच्याकडे काय असतं गं?" योगिनी तोंड उघडणार, तोच दिव्या म्हणाली, "तिच्याकडे काय असणार? ती सोसायटीवाली. त्यांच्याकडे हाउसी असते."

सगळे हसले. दिव्या मनाची वाईट नव्हती, पण बाण वर्मी बसला. कारण योगिनीचं दुखणं जुनं होतं. मोशीत ती 'सोसायटीवाली', आणि उदगीरकडच्या गावी गेली की चुलत भावंडं तिला 'पुण्याची पाहुणी' म्हणून खुर्ची देत, बाटलीतलं पाणी देत आणि कुठल्याही कामाला हात लावू देत नसत. सोळा वर्षांच्या आयुष्यात तिला एकाही जागी यजमान होता आलं नव्हतं.

"आमच्याकडे येळवस असते," ती ताडकन म्हणाली. "येत्या गुरुवारी. सगळ्यांनी जेवायला यायचं."

उचलली जीभ लावली टाळ्याला, ती अशी.

आता येळवस म्हणजे काय, हे लातूर-धाराशिवकडच्या माणसाला विचारू नये, तो दोन तास सोडत नाही. थोडक्यात सांगायचं, तर डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास एक अमावस्या येते. पंचांगात ती वेळ अमावस्या, लोकांच्या तोंडी येळवस. त्या दिवशी त्या भागात झाडून सगळे शेतात जातात. कडब्याची छोटीशी झोपडी उभी करतात, तिला कोप म्हणतात. कोपीत पाच दगड मांडून पांडव म्हणून पूजतात, उभ्या पिकावर ताक-पिठाची आंबील शिंपडतात आणि मग दिसेल त्याला हाताला धरून जेवायला बसवतात. वाटेने जाणारा माणूस त्या दिवशी उपाशी गेला, तर शेताच्या मालकाची मान खाली जाते.

योगिनीला यातलं फारसं काही माहीत नव्हतं. दरवर्षी ती कोपीत बसायची खरी, पण भक्तीने नव्हे. मोबाईलच्या पडद्यावर ऊन पडू नये म्हणून.

संध्याकाळी तिने घरी बातमी फोडली. तिची आई मिनल भाकरी थापत होती. ती परातीतून मान वर न करता म्हणाली, "नऊ जणं जेवायला येऊ देत की. पण येळवस शेतात असती बाई. तुझ्या पप्पांचं हितं शेत कुठंय? गॅलरीतल्या तुळशीला फेऱ्या मारणारेस का?"

पप्पा, म्हणजे नवनाथराव, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात सुपरवायझर. बावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुका मोजल्या होत्या, त्याही मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. यंदा कंपनीत नवी लाइन सुरू होत होती आणि रजा बंद होत्या. गुरुवारची साप्ताहिक सुट्टी तेवढी हातात, पण एका दिवसात उदगीर करून येणं म्हणजे नुसतं एसटीला शिवून माघारी फिरणं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांची येळवस चुकणार होती, आणि आठ दिवस ते कारण न सांगता सगळ्यांवर खेकसत होते. पोरीचं बोलणं ऐकून ते उठले, टेप घेतली आणि खाली सोसायटीच्या लॉनची मापं घ्यायला गेले.

त्यांच्या सोसायटीचं नाव 'ग्रीन व्हिस्टा'. हिरवं म्हणाल, तर ते एक लॉनच, आणि त्यावर पाय ठेवायला बंदी. सेक्रेटरी कुलदीपराव हे नियमांचे फार भोक्ते. त्यांनी सोसायटीच्या सगळ्या परवानग्या एका ॲपवर आणल्या होत्या. त्या ॲपात वाढदिवस, हळद, सत्यनारायण आणि 'इतर (संगीत)' असे चारच पर्याय होते. योगिनीने 'इतर' निवडलं, तर ॲपने स्पीकरची क्षमता विचारली. तिने शून्य भरलं. ॲप म्हणालं, शून्य चालणार नाही.

शेवटी बापलेक कुलदीपरावांच्या दारात उभे राहिले.

"झोपडी?" कुलदीपराव म्हणाले. "लॉनवर झोपडी? अहो बिरादार, उद्या लोक म्हणतील, फ्लॅट विकून इथेच राहतो."

"झोपडी नाही काका, कोप," योगिनी म्हणाली. "तीन तासांची फक्त."

"वाळलेलं गवत आहे ना? मग फायरचं काय?"

"कंपनीतून अग्निशामक नळकांडं आणतो," नवनाथराव म्हणाले. "तपासणीच्या तारखेसकट."

तारखेचं नाव ऐकून कुलदीपराव जरा विरघळले. अर्धा तास घासाघीस होऊन परवानगी मिळाली. वेळ अकरा ते दोन. परवानगीचा प्रकार, 'घडीचा तंबू'. लॉनमध्ये खड्डा खणायचा नाही, खुंटी ठोकायची नाही, आणि अकराच्या आधी एक काडीही तिथे दिसता कामा नये.

"म्हणजे आधी दुसरीकडे जोडायची, आणि अकराला उचलून आणून ठेवायची," नवनाथराव जिना उतरताना म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत चमक आली होती. चाकणमध्ये अख्ख्या गाड्या अशाच जोडतात. पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ त्या चमकेत होतं.

कडबा कुठून आणायचा हा पुढचा प्रश्न. मोशीत आता पनीर टिक्का मोमो मिळतात, कडबा मिळत नाही. नाइलाजाने योगिनीने दिव्यालाच विचारलं, आणि ती तिला आपल्या आजोबांकडे घेऊन गेली. चिमाजी आबा गावठाणाच्या टोकाला गोठ्यात बसले होते. पुढ्यात एक म्हैस, कपाळावर आठ्या.

"कडबा? बिल्डिंगवाल्यांनी म्हशी पाळल्या व्हय?"

योगिनीने येळवस सांगितली. कोप सांगितली, पांडव सांगितले. जिथे माहिती संपली तिथे थोडी पदरची घातली. आबा डोळे बारीक करून ऐकत राहिले.

"आमच्याकडं असलं काय न्हाई," ते म्हणाले. "पर रानात जेवायचं म्हंजे चांगलंच हाय. वीस पेंढ्या ने. वापरून झाल्या की माघारी आणायच्या. त्यो कडबा म्हशीचा हाय, माझा न्हाई."

"आबा, तुम्ही पण या ना गुरुवारी."

"म्या त्या फाटकात पाय ठेवत न्हाई," आबा म्हणाले आणि म्हशीकडे वळले. का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि योगिनीला विचारायचा धीर झाला नाही.

वीस पेंढ्या टेम्पोतून आल्या आणि पार्किंगमध्ये उतरल्या. तेवढ्यात सोसायटीभर बातमी पसरली. आजवर ज्यांनी बिरादारांना नमस्कारही केला नव्हता, ते सल्ला द्यायला खाली आले. वरच्या मजल्यावरच्या प्रभावती काकू तुळजापूरकडच्या निघाल्या. शेजारी राहून सात वर्षं झाली होती, पण माहेर विचारायची वेळ कडब्याने आणली.

"आंबिलीला ताक किती दिवसांचं घेतलंस?" काकूंनी मिनलला पहिला प्रश्न केला.

"कालचं."

"कालचं? अगं, ही आंबील म्हणायची का कढी?"

इथून दोन जिल्ह्यांचं युद्ध पेटलं. मिनल म्हणाली, आमच्याकडे असंच. काकू म्हणाल्या, म्हणूनच तुमच्याकडे तसं. भज्जीत, म्हणजे येळवशीच्या मिश्र भाजीत, तुरीचे दाणे आधी की वाटाणे आधी, वाफवलेले उंडे बाजरीचे की ज्वारीचे, यावर स्वयंपाकघरात दोन बायका भांडल्या आणि त्या भांडणात तिखट, मीठ, लसूण सगळं दुप्पट पडलं. योगिनीने निवाड्यासाठी गावी आजीला फोन लावला. पडद्यावर आजीचा एक कान दिसला.

"काय करलालीस गं बाय?" कान म्हणाला.

"आजी, आंबील कशी करतात?"

कान जाऊन आजीचा चेहरा आला. आजी म्हणाली, "सोळा वर्सं झाली, आज इचारलीस." आणि तिने सांगायला सुरुवात केली. पीठ किती, ताक किती, बिंदगं म्हणजे मातीचं मडकं कसं धुवायचं, तोंडाला फडकं कसं बांधायचं. योगिनी वहीत लिहीत गेली. आंबीलच नव्हे, शिंपडताना काय म्हणायचं तेही आजीने म्हणून दाखवलं, "ओलगे ओलगे, सालम पोलगे." अर्थ विचारला, तर आजी म्हणाली, "अर्थ कशाला लागतोय? मोठ्यानं म्हणायचं." योगिनीला हे उत्तर फार आवडलं.

आजीने एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती. बिंदगं उबेला ठेवावं, पण गॅलरीतल्या इन्व्हर्टरच्या डोक्यावर ठेवू नये. आजीच्या गावात इन्व्हर्टरची ऊब कोणी अजमावली नव्हती. बुधवारी दुपारी आंबील फुगली, फडकं उडवून बाहेर आली, गॅलरीतून खाली उतरली आणि कुलदीपरावांच्या स्कूटरच्या सीटवर सावकाश पसरली. कुलदीपराव तीच स्कूटर घेऊन चिंचवडला मीटिंगला गेले होते, हे ते परत आल्यावर त्यांच्या पॅन्टवरून सर्वांना कळलं. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर 'आंबट पदार्थांची साठवणूक' या विषयावर चार मुद्द्यांची सूचना पडली.

मिनलने पुन्हा आंबील घातली. या खेपेला काकूंच्या देखरेखीखाली, तीन दिवसांच्या ताकात. उदगीरने तुळजापूरपुढे माघार घेतली, हे तिने माहेरी कधीच कळू दिलं नाही.

इकडे पार्किंगमध्ये नवनाथराव कोप जोडत होते. त्यांनी रीतसर नकाशा काढला होता. उंची साडेसहा फूट, रुंदी सात, बांबूंचा सांगाडा, त्यावर पेंढ्या. सुतळी त्यांना मंजूर नव्हती. कंपनीत खोकी बांधायची प्लॅस्टिकची पट्टी असते, ती त्यांनी करकचून आवळली. पाच पांडव शेजारच्या बांधकामावरून आले, आणि त्यांतला एक पांडव बाकीच्यांपेक्षा बारीक निघाला म्हणून त्यांनी तो बदलून आणला. गावाकडे ही कोप चार माणसं गप्पा मारता मारता वीस मिनिटांत उभी करतात. नवनाथरावांना सहा तास लागले. पण काय कोप झाली! योगिनी पेंढ्या धरायला होती. तिच्या हातांना कडबा कापला, केसांत पानं अडकली, आणि पप्पा तिच्याशी कितीतरी दिवसांनी अभ्यास सोडून बोलले. ते त्यांच्या लहानपणीच्या येळवशीबद्दल सांगत होते. आपला बाप एकेकाळी झाडावर चढून बसायचा आणि खाली उतरायला घाबरायचा, हे तिला त्या संध्याकाळी पहिल्यांदा समजलं.

शेवटी नवनाथरावांनी कोप चारी बाजूंनी हलवून पाहिली. ती हलली नाही. त्यांनी खिशातून कंपनीचं हिरवं लेबल काढलं, त्यावर 'ओके' लिहून सही केली आणि कोपीला चिकटवलं.

गुरुवारी अकराला पाच मिनिटं असताना सहा जणांनी कोप उचलली. पार्किंगच्या खांबांमधून ती थाटात निघाली. आणि शेवटचा खांब आणि कुलदीपरावांची गाडी यांच्यामध्ये जाऊन बसली.

आदल्या दिवशी ती जागा रिकामी होती. गाडी रात्री आली. नवनाथरावांनी लॉन मोजलं होतं, बांबू मोजले होते, पांडव मोजले होते. बाहेर पडायची वाट मोजली नव्हती.

"जोर लावा," ते म्हणाले. सहा जणांनी जोर लावला. कोप फूटभर पुढे सरकली आणि वरच्या तुळईखाली पक्की अडकली. मागे ओढली, तर कडबा उलटा उभा राहिला आणि आणखी घट्ट झाला. मागे भिंत, पुढे कोप आणि मधे गाडी. गाडीही निघेना. सुतळी असती तर एक गाठ सोडून भागलं असतं. पण पट्टी कंपनीची होती, ती कशाला तुटते!

कुलदीपराव धावत आले. "मला साडेबाराला संत तुकाराम नगरला पोचायचंय! मेहुण्याच्या घरी! बिरादार, कापा ते!"

नवनाथरावांचा चेहरा पाहवत नव्हता. त्यांच्या नाकासमोर हिरव्या लेबलवर त्यांचीच सही होती. त्यांनी नखाने ते लेबल खरवडायला सुरुवात केली. कोणी हसत नव्हतं, म्हणून ते जास्तच लागत होतं.

आणि नेमके त्याच वेळी फाटकातून नऊ जण आत आले. सायली पुढे, हातात मोबाईल, व्हिडिओ चालू.

योगिनीला वाटलं, आपल्याला जमिनीने पोटात घ्यावं. शेत नाही, लॉन नाही, कोप अडकलेली, पप्पांची मान खाली, आणि सेक्रेटरी करवत आणायला माणूस पाठवतायत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "रद्द," ती म्हणाली. "वर घरीच जेवू या सगळे. हे असलं इथे होतच नाही."

"काय व्हत न्हाई?"

आवाज फाटकातून आला होता. चिमाजी आबा उभे होते. दिव्याने त्यांना दुचाकीवर बसवून आणलं होतं. आपल्या कडब्याचं काय केलं ते बघायचं, एवढंच त्यांनी घरी सांगितलं होतं. फाटकाच्या रुळावर ते क्षणभर थांबले. मग आत आले. कोपीकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते खांब बघत होते, भिंत बघत होते, पायाने फरशी चाचपत होते.

"हितं," ते म्हणाले, "ह्या खांबापाशी बांध व्हता. पलीकडं भावाचं, अलीकडं माझं. बाभळीचा तुकडा म्हणायचो ह्याला. ज्वारी अशी यायची, की आत शिरलेलं माणूस दिसायचं न्हाई."

सायलीने मोबाईल खाली घेतला.

"तुम्हाला शेतच पायजे व्हतं ना पोरी?" आबा म्हणाले. "मग कोप बराबर जागी बसलीया की. वरती त्या गवतात काय हाय? थितं मुरूमाचा खड्डा व्हता."

योगिनीने डोळे पुसले. ती वर गेली नाही. तिने पाच पांडव कोपीत मांडले, हळदकुंकू वाहिलं आणि आंबिलीचं बिंदगं उचललं. कुलदीपराव तोंड उघडणार होते, पण प्रभावती काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी मेहुण्याला फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं. "गाडीची काळजी करू नका," आबा त्यांना म्हणाले. "सांच्याला म्हस आणतो. ती तासाभरात मोकळी करून देती."

मग अख्ख्या 'ग्रीन व्हिस्टा'ला फेरी निघाली. पुढे योगिनी, मागे नवनाथराव, त्यांच्या मागे नऊ पोरं. योगिनी आंब्याच्या डहाळीने आंबील शिंपडत होती. खांबांवर, मीटरच्या खोलीवर, धुतलेल्या गाड्यांच्या चाकांवर. ओलगे ओलगे, सालम पोलगे! पहिल्या फेरीत तिचा आवाज लाजरा होता. दुसऱ्या फेरीत पोरांनी सूर धरला. तिसऱ्या फेरीला नवनाथराव इतक्या मोठ्याने ओरडले, की चौथ्या मजल्यावरची माणसं गॅलरीत आली, आणि योगिनीने त्यांनाही हात करून खाली बोलावलं. पाणीमीटर तपासायला आलेला माणूस, वॉचमन, शेजारच्या बांधकामावरची दोन कुटुंबं, कोणालाच तिने जाऊ दिलं नाही. भज्जी दोन जिल्ह्यांच्या भांडणामुळे झणझणीत झाली होती. कोकणातल्या पोराचे डोळे वाहत होते आणि तो तिसऱ्यांदा मागत होता.

आबा मात्र खांबाला टेकून उभेच होते, बांध होता तिथे. योगिनी ताट घेऊन त्यांच्यापाशी गेली.

"आबा, चला ना. आमच्या शेतात जेवायला."

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो. दिव्याने मान खाली घातली. आबांनी सावकाश तिच्याकडे पाहिलं.

"कुणाच्या शेतात?"

योगिनीला चूक झाली म्हणता आलं असतं. तिने जीभ चावलीही होती. पण तिने नुकत्याच या जागेला तीन फेऱ्या घातल्या होत्या, तिच्या हातांना कडब्याचे काप होते, आणि तिला ते शब्द मागे घेववेनात.

"आमच्या," ती हळूच म्हणाली. "बाभळीच्या तुकड्यात."

आबांनी पायातल्या वहाणा काढल्या, बांधाच्या अलीकडे नीट जोडून ठेवल्या आणि फरशीवर मांडी घालून बसले.

"पंधरा वर्सं झाली पोरी रान जाऊन," ते म्हणाले. "हितं राहाया कितीजणं आली. ये जेवायला, असं म्हणणारी तूच पयली. वाढ."